मोस्कातो द'आस्ती : गोड वाइन समजून घेताना

मोस्कातो द'आस्ती पहिल्यांदा चाखणाऱ्याच्या तोंडून बहुधा एकच वाक्य निघतं : "अरे, ही तर द्राक्षांसारखी लागते!" ऐकणाऱ्याला हसू येतं, कारण वाइन द्राक्षांचीच असते. पण वाक्य अगदी बरोबर आहे. शार्दोने, सोव्हिन्यों ब्लाँ, शनँ ब्लाँ या इतर पांढऱ्या वाइनचा वास घेतला तर लिंबू, हिरवं सफरचंद, पेरू, क्वचित लोणी आठवतं; ताज्या द्राक्षांचा घड सहसा आठवत नाही. मोस्कातोत तो आठवतो, आणि त्याच्या पाठोपाठ पीच, जर्दाळू, संत्र्याची फुलं, मध.

याचं कारण द्राक्षाच्या जातीत आहे. जात मोस्कातो ब्यांको, म्हणजे मस्कत कुळातलं बारीक मण्यांचं पांढरं द्राक्ष. या कुळाच्या सालीत आणि गरात लिनालूल, जिरॅनिऑल, नेरॉल ही सुगंधी द्रव्यं मोकळी असतात. इतर बहुतेक वाइन-द्राक्षांत ती एक तर अगदी थोडी असतात किंवा साखरेच्या रेणूला बांधलेली असतात, आणि बांधलेल्या द्रव्याला वास नसतो. लिनालूल आपल्या नाकाला अनोळखी नाही : धण्यांच्या तेलात सर्वांत मोठा वाटा त्याचाच, मोगऱ्या-जाईतही ते असतं, वेलदोड्यातही थोडं. जिरॅनिऑल गुलाबात आणि रोशा गवताच्या तेलात. त्यामुळे फुलांच्या आणि मसाल्याच्या वासांत वाढलेल्या नाकाला ही वाइन ओळखीची वाटली तर नवल नाही.

नावाचाही एक धागा आपल्याकडे येतो. मोस्कातो हा शब्द बहुतेक कोशकार 'मस्क'पाशी, म्हणजे कस्तुरीपाशी नेतात. लॅटिन 'मुस्कुस'च्या मागे फारसी 'मुश्क' आणि त्याच्याही मागे संस्कृत 'मुष्क'. मूळ संस्कृत शब्दाचा अर्थ ज्याचा त्यानं कोशात पाहावा, जेवणाच्या टेबलावर सांगण्यासारखा तो नाही.

गोडी घातलेली नसते, उरलेली असते

वाइनचं गाव उत्तर-पश्चिम इटलीतल्या पिएमोन्तेत. आस्ती, कुनेओ आणि आलेस्सांद्रिया या तीन प्रांतांतल्या पन्नासच्या वर गावांतच ती करता येते; त्यांतलं कानेल्ली सर्वांत नावाजलेलं. याच गावात कार्लो गान्चा यांनी १८६५ च्या सुमारास शँपेनच्या पद्धतीनं मोस्कातोची फेसाळ वाइन काढली. गावाखाली खडकात खोदलेली लांबच लांब तळघरं आहेत, आणि लांगे, रोएरो नि मोन्फेर्रातोच्या द्राक्षबागांबरोबर त्यांनाही २०१४ मध्ये युनेस्कोच्या वारसायादीत जागा मिळाली. वाइनला इटलीतला सर्वांत वरचा दर्जा, म्हणजे डीओसीजी, १९९३ मध्ये मिळाला.

गोड म्हटलं की वरून साखर घातली असेल, हा पहिला गैरसमज. आकडे पाहिले की तो जातो. ऑगस्टअखेर ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत खुडा होतो. रसात लिटरला साधारण २१५ ग्रॅम साखर आहे असं धरू. यीस्ट ही साखर खाऊन अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड बनवतं. लिटरला साधारण १७ ग्रॅम साखर खर्ची पडली की अल्कोहोल १ टक्क्यानं चढतं. यीस्टला मोकळं सोडलं तर ते जवळजवळ सगळी साखर संपवेल आणि साडेबारा टक्क्यांची कोरडी, म्हणजे गोडी न उरलेली वाइन हाती येईल. मोस्कातो द'आस्तीत आंबवण ५ टक्क्यांच्या आसपास थांबवतात. म्हणजे ८५ ग्रॅम साखर खर्च झाली आणि १३० ग्रॅम उरली. ही उरलेली साखर म्हणजेच वाइनची गोडी. नियमानं बाटलीतलं अल्कोहोल साडेचार ते साडेसहा टक्के असावं लागतं, म्हणजे बियरइतकंच.

थांबवणं सांगायला सोपं, करायला कठीण. साखर समोर आहे, यीस्ट जिवंत आहे. ते आपणहून थांबत नाही. म्हणून बंद टाकीतला रस झपाट्यानं शून्य अंशाच्या आसपास किंवा थोडा खाली नेतात. थंडीनं यीस्ट सुस्त होतं, मग ते गाळून काढतात, आणि भरताना वाइन ०.४५ मायक्रॉनच्या पडद्यातून पुन्हा गाळतात. यीस्टची पेशी काही मायक्रॉनची असते, ती त्यातून जात नाही. या टप्प्यावर हयगय झाली आणि मूठभर पेशी बाटलीत शिरल्या, तर उबदार गोदामात त्या पुन्हा कामाला लागतात : वाइन गढूळते, दाब चढतो, बूच उडतं, कधी बाटलीच फुटते. शीतयंत्रं नव्हती तेव्हा रस कापडी पिशव्यांतून पुन्हा पुन्हा गाळत. त्यानं यीस्ट कमी होई आणि यीस्टला लागणारं पोषणही निघून जाई, पण भरवसा नसे. १८९५ मध्ये फेदेरिको मार्तिनोत्ती यांनी दाब सहन करणाऱ्या बंद टाकीत फेस तयार करण्याची पद्धत मांडली. पुढे फ्रान्सच्या शार्मा यांनी १९०७ मध्ये ती सुधारली. आजचं काम त्याच वळणानं चालतं.

फेसाचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. ८५ ग्रॅम साखर आंबली की लिटरमागे चाळीसेक ग्रॅम वायू सुटतो. तो सगळा कोंडला तर बाटली नव्हे, बाँब होईल. म्हणून सुरुवातीचा वायू सोडून देतात आणि शेवटी शेवटी झडप बंद करून हवा तेवढाच वाइनमध्ये मुरवतात. मोस्कातो द'आस्तीत दाबाची कमाल मर्यादा २.५ बार, मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या जवळपास. शँपेनमध्ये तो ५ ते ६ बार असतो. इटालियन लोक या मऊ फेसाला 'फ्रिझ्झान्ते' म्हणतात : जिभेवर टोचत नाही, गुदगुल्या करतो.

एक गोष्ट बाटली विकत घेताना कामाला येते. उत्पादक सगळा रस एका दमात आंबवत नाहीत. तो शून्याजवळच्या थंडीत साठवतात आणि मागणी येईल तशी वर्षभर एकेक टाकी आंबवून भरतात. त्यामुळे एकाच हंगामाच्या दोन बाटल्यांपैकी एक नोव्हेंबरात भरलेली आणि दुसरी पुढच्या जूनमध्ये भरलेली असू शकते. नंतर भरलेली अधिक ताजी.

मग गिळवत कशी?

लिटरला १३० ग्रॅम म्हणजे शंभर मिलीच्या पेल्यात १३ ग्रॅम, सपाट तीन चमचे साखर. कोलापेक्षाही थोडी जास्तच. तरी ती पाकासारखी लागत नाही, याला तीन गोष्टी कारण : लिटरला ५ ते ६ ग्रॅम आम्लं, फेस आणि गारवा. हे तिघं मिळून साखरेला धरून ठेवतात. पडताळायचं असेल तर एक पेला भरून खोलीत तासभर तसाच ठेवा आणि फेस उतरला, गारवा गेला की बाटलीतल्या थंड घोटाशी ताडून पाहा. साखर तीच, आम्ल तेच, पण पेल्यातली वाइन आता चिकट, जड, खोकल्याच्या औषधाच्या वळणाची लागेल. मोस्कातो 'फारच गोड' म्हणून नावं ठेवणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी ती अशीच, कोमट प्यायलेली असते.

चांगली बाटली आणि सुमार बाटली यांतला फरकही गोडीत नसतो, गोडी दोन्हींत सारखीच. फरक घोट गिळल्यानंतर कळतो. चांगल्या वाइनमध्ये गोडी ओसरली की मागे आंबटपणाची एक रेघ राहते, तोंडाला पाणी सुटतं, पुढचा घोट घ्यावासा वाटतो. सुमार वाइनमध्ये गोडीनंतर काहीच येत नाही, ओठ तेवढे चिकटतात. वासातही पाहा : साध्या बाटलीत नुसता द्राक्षाचा आणि कँडीचा वास असतो, चुनखडीच्या उंच, उभ्या उतारावरच्या द्राक्षांच्या वाइनमध्ये त्याखाली सेज नावाच्या पाल्याचा, लिंबाच्या सालीचा हिरवा वास सापडतो. तो सापडला की पैसे वसूल.

बाटली निवडताना

'आस्ती' किंवा 'आस्ती स्पुमान्ते' आणि 'मोस्कातो द'आस्ती' या दोन वेगळ्या वाइन आहेत, द्राक्ष एकच असलं तरी. आस्तीत आंबवण पुढे, बहुधा सात टक्क्यांपर्यंत जाते, म्हणून गोडी थोडी कमी आणि फेस बराच जास्त. तिचं बूच कुत्र्याच्या छत्रीसारखं फुगीर आणि वर तारेची जाळी असते. मोस्कातो द'आस्तीचं बूच बहुधा साधं, सरळ. लेबलावर नुसतंच 'मोस्कातो' असेल तर ती कुठल्याही देशाची, गुलाबीसुद्धा असू शकते. त्यांतल्या काही बऱ्या असतात, पण वरचे नियम त्यांना लागू नाहीत. डीओसीजीची खूण म्हणजे मानेवर चिकटवलेली अनुक्रमांकाची सरकारी पट्टी.

नंतर पाहायचं ते साल. ही मुरवत ठेवायची वाइन नाही. काढणीपासून वर्षभरात ती उत्तम, दोन वर्षांपर्यंत ठीक, त्यापुढे उतरण. लिनालूलचं हळूहळू दुसऱ्या द्रव्यांत रूपांतर होतं. फुलांचा वास जाऊन राळेसारखा, टर्पेंटाइनकडे झुकणारा वास उरतो. उष्णतेत हे फार लवकर होतं, म्हणून मुंबई-पुण्यात एप्रिल-मे बिनवातानुकूलित दुकानात काढलेली बाटली नुकत्याच सालची असली तरी घेऊ नये. वाइनचा रंग फिकट गवती असावा. गडद सोनेरी-तपकिरी दिसत असेल तर शेल्फवरच राहू द्या. पारदर्शक काचेच्या बाटलीला दुकानातले दिवेही बाधतात. मागच्या रांगेतली उचलावी.

गार करणं, उघडणं, ओतणं

तापमान ६ ते ८ अंश. खोलीतल्या तापमानाची बाटली फ्रिजमध्ये उतरायला तीनेक तास लागतात. घाई असेल तर बादलीत निम्मा बर्फ, निम्मं पाणी आणि मूठभर मीठ. वीस-पंचवीस मिनिटांत काम होतं. नुसत्या बर्फात बाटली खुपसली तर खड्यांच्या मधे हवा राहते आणि दुप्पट वेळ जातो. फ्रीझरमध्ये ठेवून विसरू नये : अल्कोहोल कमी असल्यामुळे ही वाइन उणे तीन-चार अंशांनाच गोठू लागते आणि बूच वर सरकतं.

बूच साधं असलं तरी आत दाब आहे, हे विसरू नका. बाटली हलवू नका, थोडी तिरकी धरा, स्क्रू फिरवून बूच तीन चतुर्थांश वर आणा आणि शेवटचा भाग मुठीत धरून हातानं, सावकाश सोडवा. 'फुस्स' एवढाच आवाज यायला हवा. 'फट्ट' वाजलं तर आधीच थोडक्या असलेल्या फेसातला वाटा हवेत गेला. पिएमोन्तेत जुन्या चालीप्रमाणे ही रुंद, उथळ पेल्यात देतात. दिसायला छान, पण फेस आणि वास दोन्ही पाच मिनिटांत उडतात. वर निमुळता होत जाणारा पांढऱ्या वाइनचा मध्यम पेला बरा. एका वेळी शंभर मिलीच ओता, म्हणजे पेल्यात ती कोमट होणार नाही. साडेसातशे मिलीच्या बाटलीत असे सात पेले होतात. उरली तर फेसाळ वाइनचं दाबाचं झाकण लावून फ्रिजमध्ये दोन दिवस.

सोबत काय

जोड जमवायचा मुख्य नियम एकच : पदार्थ वाइनपेक्षा कमी गोड हवा. जीभ गोडीला चटकन सरावते. गुलाबजामाचा पाक तोंडात घोळवून लगेच मोस्कातो प्यायली तर जिभेला तिची गोडी जाणवतच नाही, उरतं ते आम्ल. तीच वाइन लिंबूपाण्यासारखी पातळ आणि आंबट लागते. श्रीखंड, बासुंदी, जिलबी यांच्याशी नेमकं हेच होतं. 'गोडाबरोबर गोड वाइन' हा सल्ला म्हणून अर्धाच खरा.

फळांत हा नियम आकड्यांत दिसतो. वाइनची गोडी शंभर मिलीत १२-१३ ग्रॅम. स्ट्रॉबेरीत साखरेचं प्रमाण पाच ते आठ टक्क्यांच्या आसपास, खरबूज आणि पीच दहाच्या मागेपुढे : तिन्ही छान जमतात. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी वर साखर न भुरभुरता, नुसती कापून दिली तर दुसरं काही लागत नाही. पिकलेला हापूस मात्र वाइनच्या बराच पुढे जातो आणि तिला झोपवतो. जरा आंबटसर, करकरीत फोड असेल तर गोष्ट वेगळी.

पिएमोन्तेतल्या जोड्या या हिशेबातच बसतात. तिथला हेझलनटचा केक, 'तोर्ता दी नोच्चोले', फार गोड नसतो. भाजलेल्या हेझलनटचा तेलकट, किंचित कडवट खमंगपणा वाइनची गोडी उचलून धरतो आणि फेस तोंडातलं तेल धुऊन काढतो. नाताळचा पानेत्तोने हा गोड पाव हलका, लोण्याचा, मधूनमधून संत्र्याच्या साखरलेल्या सालीचा. ती साल आणि वाइनमधली संत्र्याची फुलं एकमेकांना ओळखतात. आमारेत्ती बिस्किटांचा चुरा भरून भाजलेले पीचही तिथलेच. आपल्याकडची नानकटाई या कुळात सहज शिरते : तूप, बेताची साखर, वेलदोडा.

गोडाइतकीच, माझ्या मते जास्तच, ही वाइन खाऱ्याबरोबर खुलते. मीठ गोडीला उठाव देतं. गोर्गोंझोला या निळ्या बुरशीच्या चीजचा मऊ, सौम्य प्रकार, खरबुजावर गुंडाळलेलं प्रोश्युत्तो (खारवून सुकवलेलं डुकराचं मांस), सलामी; घरात यातलं काही नसेल तर खारे काजू. चीज फार जुनं, झणझणीत असेल तर एवढी हलकी वाइन त्याच्यापुढे टिकत नाही.

तिखटाचं काय? मिरचीतलं कॅप्सायसिन ज्या संवेदकांना चेतवतं त्यांनाच अल्कोहोलही चेतवतं, म्हणून साडेतेरा टक्क्यांची वाइन मिरचीचा जाळ वाढवते. पाच टक्क्यांची फारसा वाढवत नाही, आणि साखर तो शमवते. पण फेस हाही जिभेला टोचणाराच. त्यामुळे मध्यम तिखटापर्यंत जमतं : चिंच-गुळाची अळूवडी, सुरळीची वडी, थाई पद्धतीचं आंबट-गोड-तिखट सॅलड. तांबड्या रश्शासमोर कुणीच वाइन ठेवू नये, ही तर नाहीच.

टाळायच्या गोष्टी थोडक्यात : काळं चॉकलेट आणि कॉफी (कडूपणा वाइनला पुसून टाकतो, म्हणून कॉफी घालून केलेलं तिरामिसूही नको), आइस्क्रीम (जीभ बधिर होते, वास कळत नाही), व्हिनेगर घातलेलं काहीही.

पेल्यातून पातेल्यात

उघडलेल्या बाटलीचा फेस गेला की ती ओतून देऊ नका, त्साबायोने करा, म्हणजे बलक, साखर आणि वाइन घोटून केलेला फेसाळ गोड पदार्थ. सिसिलीची मार्साला वाइन घालून केलेलं त्साबायोने जगभर माहीत आहे. पिएमोन्तेत मोस्कातो घालतात आणि ते जास्त हलकं होतं. माप जुनं आणि सोपं : एका बलकाला एक मोठा चमचा साखर आणि अंड्याच्या अर्ध्या कवचात मावेल एवढी वाइन. मोस्कातो स्वतःच गोड, म्हणून साखर थोडी कमी. चार जणांसाठी ४ बलक, ४० ग्रॅम साखर, १०० ते १२० मिली वाइन.

बलक आणि साखर भांड्यात आधी कोरडंच घोटा, फिकट पिवळं होईपर्यंत. मग वाइन घाला आणि भांडं मंद वाफेच्या पाण्यावर ठेवा. भांड्याचा तळ पाण्याला टेकता कामा नये आणि पाणी खळखळता कामा नये. आता थांबायचं नाही, आठ-दहा मिनिटं सतत घोटायचं. आधी मोठे, साबणासारखे बुडबुडे येतात, मग ते बारीक होतात, मिश्रण तिप्पट फुगतं, आणि घोटणी उचलली की धार पृष्ठभागावर क्षणभर रेघ ठेवते. तेव्हाच उतरवा. आच जास्त झाली, मिश्रण ८० अंशांपलीकडे गेलं, की बलक गोठून बारीक कण होतात आणि गोड भुर्जी तयार होते. ती परत सुधारत नाही. कडेला कण दिसू लागलेच तर भांडं लगेच थंड पाण्यात टेकवून जोरात घोटा, अर्धं तरी वाचतं. उलट लवकर उतरवलं तर दहा मिनिटांत तळाशी पाणी सुटतं. गरम असतानाच वाढा, सोबत स्ट्रॉबेरी किंवा नानकटाई.

इटलीच्या इतर गोड पांढऱ्या वाइन, उदाहरणार्थ तोस्कानाची विन सान्तो किंवा पान्तेल्लेरिया बेटाची पासितो, यांना हे नियम जसेच्या तसे लावू नका. त्या द्राक्षं सुकवून, साखर आटवून करतात. अल्कोहोल मोस्कातोच्या दुप्पट-तिप्पट, अंग मधासारखं दाट. तिथे पेला शंभर मिलीचा नव्हे, पन्नासचा, आणि गोर्गोंझोला जुनं, झणझणीत असलं तरी चालतं.